शोगुनपुढचा नाच

बोलण्याआधी ते कमरेत वाकत. समोर नगरसेवक असो की दूधवाला, आधी वाकत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "डच लोकायनं हेच तं केलं, वकीलसाहेब!"

बेसा भागातील आमच्या सोसायटीचे ते अध्यक्ष. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. असा एखादा गृहस्थ आपल्याही वसाहतीत असेल, ओळखून ठेवा. जपानने बाकी युरोपीय हाकलले, टिकले ते फक्त डच, ही त्यांची लाडकी कथा. नागासाकीच्या बंदरात पंख्याच्या आकाराचे इवलेसे बेट, त्यावर कोंडलेले व्यापारी, पुलावर पहारा. दरबारी जाऊन शोगुनपुढे, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशापुढे, रांगायचे आणि हुकूम झाला की नाचून दाखवायचे. इथवर आले की सर स्वतःच लुंगी सावरून नाचत.

"आणि त्याच शोगुनसाठी डचांनी स्वधर्मीय ख्रिस्ती बंडखोरांवर तोफा डागल्या, ते का गाळता?" मी विचारी.

"ते भी खरं आहे. पण टिकले ना, साहेब?"

मंजूर नकाशात आमच्या इमारतीमागे मोकळे मैदान आहे. बिल्डरने तेथल्या कडुनिंबापर्यंत दुसऱ्या इमारतीचा पाया खणला. मी नोटिसा दिल्या, कार्यालयांना पत्रे धाडली, दावा दाखल केला. खोदकाम थांबले नाही. तेव्हा सरांनी बिल्डरलाच सभेस बोलावले.

तो खुर्चीत रेलून म्हणाला, "सर, ते डचवालं करून दाखवा ना. मूड बनला तं पाहू."

आणि सर नाचले. सत्तरीचा शिक्षक, हात पसरून, आम्हा सर्वांसमक्ष. मी उठून बाहेर पडलो. ते धापा टाकत जिन्यापर्यंत मागे आले.

"काहून चिडून राहिले, साहेब? कुंपणाची भिंत मागं घेतो म्हणते तो. कडुनिंब वाचला. तुमच्या पत्रानं एक वीट तरी हलली का?"

"जे हक्काचे होते ते आपण भीक म्हणून घेतलेत. न्यायालयात काय सांगू? नाचून मिळाले?"

"सांगा ना. खरं तं आहे."

त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

मैदान गेले. भिंतीअलीकडे एक पट्टी आणि तो कडुनिंब उरला. नंतर सरही गेले. शोकसभेला बिल्डरने खुर्च्या पाठवल्या आणि स्वतः येऊन म्हणाला, "सर नाचायचे मस्त." लोक डोळे पुसता पुसता हसले. मला संताप आवरेना. माझा दावा प्रलंबित आहे, आणि सरांचे वर्तन सर्वस्वी गैर होते हे माझे मत आजही कायम आहे.

सभा त्या पट्टीतच भरली होती. इतकी माणसे मावतील अशी दुसरी जागा आता सोसायटीत नाही. ऊन चढत होते. मी कडुनिंबाखाली उभा होतो.