सीमातात्यांची येळवस

वादात हरायची वेळ आली की तात्या सदरा वर करायचे. समोरचा कितीही शिकलेला असो, त्याच्याकडे पाठ फिरवून खांद्यापासून कमरेपर्यंत गेलेला लाठीचा जुना वळ दाखवायचे आणि म्हणायचे, "हे वाच आदी. मग बोल." वाद तिथंच संपायचा. रेशनच्या तांदळावरून भांडण असलं तरी पाठच दाखवायचे, हा भाग वेगळा.

त्यांचं नाव नारायण, पण सारा गाव त्यांना सीमातात्या म्हणायचा. आमचं गाव अक्कलकोटच्या पुढे, महाराष्ट्र संपतो तिथं. गावाबाहेर ओढा आहे आणि ओढा ओलांडला की कर्नाटक. पलीकडची मराठी गावं आपल्यात यावीत म्हणून तात्यांनी तरुणपणी मोर्चे काढले, मार खाल्ला, तुरुंगात जाऊन आले. त्यांची बायको शांताकाकू ओट्यावर धान्य निवडता निवडता म्हणायची, "शीमा माझी सवत हाय गं. तिच्यापायी ह्यांनी हाडं मोडून घेतली. माझ्यापायी कदी बाजारातनं कोथमीर आणली न्हाय." मी त्यांच्या शेजारची. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे ही सवत मला जन्मापासून ठाऊक होती.

गंमत म्हणजे हा माणूस कानडी असं बोलायचा की अक्कलकोटच्या बाजारात व्यापारी त्याला पलीकडचाच समजत. बैलांशी तर तात्या फक्त कानडीत बोलायचे. विचारलं तर म्हणायचे, "बैल तिकडच्या बाजारातनं आणलेत. त्येंना मराठी कुटं कळतंय?" आणि मग गंभीर होऊन, "पोरी, भांडान राज्याशी हाय, भाषेशी न्हाय. भाषेशी भांडतो त्यो येडा." हल्ली टीव्हीवर घसा ताणून भांडणारे पाहिले की मला हे वाक्य आठवतं आणि चीड येते.

ज्याच्यासाठी हा सगळा मार खाल्ला तो माणूस ओढ्यापलीकडे राहायचा. भीमण्णा. घरात मराठी, कागदोपत्री कानडी. दोघं एकाच मोर्चात पकडले गेले, एकाच कोठडीत राहिले. सुटताना तात्यांनी त्याला शब्द दिला होता, "तुला महाराष्ट्रात आणल्याबिगर मी मरत न्हाय." भीमण्णाने तो शब्द खरा मानला. चाळीस वर्षं तो ओढ्याच्या त्या काठावर वाट बघत राहिला, म्हातारा झाला. दर गुरुवारी बाजारात भेटला की विचारायचा, "काय नारायणा, कुटवर आलं आमचं?" तात्या म्हणायचे, "आलंच की." दोघांनाही ठाऊक होतं की काही येत नाही. तरी विचारल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे.

या चाळीस वर्षांत एक गोष्ट मात्र आली. पलीकडे कालवा आला. भीमण्णाच्या रानात पाटाचं पाणी खेळू लागलं, ऊस उभा राहिला. आमच्या बाजूला बोअर आटले आणि टँकर सुरू झाला. एका उन्हाळ्यात त्या टँकरच्या रेटारेटीत शांताकाकू कळशीसकट पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात तात्या काकूंच्या खाटेपाशी बसले होते. मला म्हणाले, "मी जेलात असताना हिनं घर वडलं. आन् मी हिला एक कळशी पानी देऊ शकलो न्हाय. कशाला पायजे आसलं राज्य?" मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. राग नव्हता तो. आतून काहीतरी मोडलं होतं.

पुढं गावात वारं उठलं की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, असा ग्रामसभेत ठराव करायचा. शाळेच्या पटांगणात सभा भरली. टीव्हीवाले आले, कधी नव्हे तो गाव अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालून बसला. अर्धा गाव म्हणत होता जाऊ, अर्धा म्हणत होता आईला सोडतात का कुणी. शिव्यांची देवाणघेवाण दोन्ही भाषांत चालली होती. पोरं तात्यांच्या कानाशी लागली, "तात्या, नुसता दम द्यायचाय सरकारला. तुमी हात वर केला की गाव करंल." तात्या उठून व्यासपीठावर गेले. म्हणाले, "दम देत आसाल तर मला मोजू नका. मी खरंच निगालोय." आणि त्यांनी हात वर केला.

गर्दीच्या मागून आवाज आला, "नारायणा, खाली कर हात."

भीमण्णा ओढा ओलांडून आला होता. सगळे वळून बघू लागले. तात्यांचा हात वरच.

"तुला बोलायला काय जातंय भीमण्णा? तुज्या रानात पाट वाहतोय."

"पानी हाय की. पन माजा नातू माजं नाव मराठीत वाचू शकत न्हाय. आमची शाळा बंद पडली, सरकारी दप्तर कानडी, दवाखाना कानडी. तुला हितं कोन हाटकत न्हाय म्हणून तुला किंमत न्हाय."

"मग ये तू हिकडं! तुजं रान मला दे, माजं तू घे. अदलाबदल करू."

लोक हसले. कॅमेरा भीमण्णाच्या तोंडावर गेला. तो हसला नाही. "तुज्या शब्दावर मी म्हातारा झालो रं," एवढंच म्हणाला आणि चपला शोधू लागला. त्या गर्दीत त्याला त्या लवकर सापडेनात. तात्या व्यासपीठावरून बघत होते. हात मोजून होईपर्यंत त्यांना तो खाली करता येईना.

महिन्याभरात मुंबईहून साहेब आले, नारळ फुटला, पाइपासाठी चर खणले गेले आणि गावानं ठराव मागे घेतला. तात्यांना कुणी विचारलंही नाही. ज्या पोरांनी त्यांना पुढं केलं तीच पारावर म्हणू लागली, "तात्या फितूर झालाय बरं का." चर अजून तसेच आहेत. पावसाळ्यात त्यांत शेरडं पडतात.

त्यानंतर आली वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. ज्वारीच्या पिकात कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे आणि भज्जी म्हणजे शेंगाभाज्यांचं कालवण, बाजरीचे उंडे, आंबील असं येईल त्याला वाढायचं. तात्या आणि भीमण्णाची रीत अशी की एका वर्षी मान तात्यांच्या रानाचा, दुसऱ्या वर्षी भीमण्णाच्या. ज्याचा मान त्यानं रांधायचं, दुसऱ्यानं बायकापोरांसह जायचं. तुरुंगातून आल्यापासून ही रीत मोडली नव्हती. मोडली ती फक्त या येळवशीच्या आदल्या वर्षी, कारण मान भीमण्णाचा होता आणि त्याच्या घरी सुतक होतं.

सकाळीच तात्यांनी खोप घातली. काठीच्या आधारानं शांताकाकूंनी भज्जी रांधली. मीही सुट्टी काढून गेले होते. कधी नव्हे ते तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. पांडव पुजून झाले, आलेगेले जेवून गेले, पण भीमण्णासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलेलंच होतं. सभेनंतर भीमण्णा गुरुवारच्या बाजारातही दिसला नव्हता. तात्यांची नजर ओढ्याकडे.

काकू म्हणाल्या, "तुमी जावा की. ओढा काय लांब हाय?"

"त्येचा मान गेल्या वर्सी सुतकात गेला. यंदा माजा. पावन्यानं यायचं आसतं."

"मग फोन तरी करा."

"येळवशीला कुनी फोन करून बोलवतं व्हय? त्येला यायचं आसंल तर यील."

फोन खिशातच राहिला. ऊन कललं, आंबील आंबून वर आली. अंधार पडायला लागला तेव्हा तात्यांनी झाकलेलं ताट बैलांपुढे ठेवलं आणि म्हणाले, "तोडलं त्येनं." त्यानंतर ते गुरुवारच्या बाजाराला गेले नाहीत. पारावरही बसेनात. कुणी मुद्दाम डिवचलं तरी वाद घालेनात. मला म्हणाले, "कुनासाठी घालू?"

उन्हाळ्यात भीमण्णा गेला. सकाळी चहा पिता पिता गेला म्हणे. तिसऱ्या दिवशी मी तात्यांना घेऊन ओढ्यापलीकडे गेले. दारात पोरं, पाहुणे, सगळे कानडीत बोलत होते. तात्या त्यांच्यातून वाट काढत आत गेले. भीमण्णाच्या बायकोसमोर जाऊन खाली बसले.

वैनी रडत नव्हत्या. तात्यांकडे बघून म्हणाल्या, "भावजी, येळवशीला का आला न्हाय? म्हनत हुते, सुतकानं राहिला त्यो मान आपल्याकडं बाकी हाय, नारायण यंदा आपल्याच रानात यील. दिस मावळंपतूर खोपीत बसले. ताट झाकून ठिवलं. मी म्हनलं, जावा, बोलवून आना. म्हनले, पावन्यानं यायचं आसतं." मग म्हणाल्या, "रातच्याला जेवले न्हाईत. नारायणानं तोडलं, म्हनले."

मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी फक्त जमिनीवरचा हात उचलला आणि परत ठेवला. कुणीतरी चहा आणला, तो निवून गेला.

परत येताना ओढ्यात उतरलो. ओढा कोरडा ठणठणीत होता. तात्या मधोमध वाळूत बसले. वर ऊन तापत होतं. मी म्हणाले, "तात्या, सांगायचं की वैनींना. तुमी बी तसंच बसला हुता म्हणून. दोन शब्दांचं काम हुतं."

तात्यांनी पायातली चप्पल काढून वाळू झाडली. म्हणाले, "तिला सांगून काय करू पोरी? ज्येला सांगायचं हुतं, त्यो मी तोडलं आसंच समजून गेला."