शिक्षेला आलेला गुण

“पेटवलीस न्हवं? कबूल कर रं भरमू, न्हायतर हितंच गाडतो!”

कल्लाप्पाअण्णा देवळासमोर ओरडत होते, धोतराला अजून राख लागलेली, आणि मी नुकताच बेळगावच्या बसमधून उतरून गर्दीत शिरलो होतो. हे ‘बसमधून उतरून’ तेवढं लक्षात ठेवा. आजवर एका माणसाखेरीज ते कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि आमच्या घरात तिच्यापासून मिठाचा खडासुद्धा लपत नाही.

तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो. येळ्ळूरच्या बाजूला आमचं गाव, आणि गावात थापाड्या म्हणून माझं नाव. लोंढ्याच्या रानात अजगरानं मालगाडीचा डबा गिळला आणि मी गुदगुल्या करून तो बाहेर काढला — ती गोष्ट माझीच. अजगर दरवर्षी चार हात वाढतो. कुणी विश्वास ठेवत नाही. हसतात, चहा पाजतात. बरं चाललं होतं.

तर त्या दुपारी कल्लाप्पाअण्णांची पिंजराची गंजी जळाली. भात मळून उरलेल्या पेंढ्याची रचलेली, चार बैलांची वर्षाची वैरण — बघता बघता राख. आठवडाभर आधी बांधावरून भरमूशी त्यांची जुंपली होती, म्हणून संशय त्याच्यावर. भरमू माझा शाळेपासूनचा सोबती, दिवसाला दहा शब्द बोलणारा. पण बघितलं कुणीच नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि — कसं सांगू? — एवढी माणसं, एवढी शांतता, आणि मधोमध एका गोष्टीची जागा रिकामी. माझ्यासारख्याला ती बघवते होय?

मी म्हणालो, “म्या बघितलं की.”

तिथंच थांबलो असतो तर — नाही थांबलो. हातातली काडेपेटी, खांद्यावरचा पिवळा टॉवेल, मागं वळून बघणं, सगळं घातलं. गंजी पेटली तेव्हा मी बेळगावात हॉटेलात बसून पुरीभाजी खात होतो. वाटलं, हसतील. अजगरावर हसणारी माणसं ती! कुणी हसलं नाही. जन्मात पहिल्यांदा गावानं माझं खरं मानलं. मग ते मागं घेणं — तुम्ही घेतलं असतंत?

पंच बसले. पोलिसांत जायचं तर कानडीत लिहिलेल्या कागदाखाली सही करायची, आत काय लिहिलंय देव जाणे. म्हणून निवाडा गावातच. आणि शिक्षा कुणी सुचवली? मीच! उठून भाषण ठोकलं — मारू नका, वाळीत टाकू नका. शिक्षेनं माणूस मोडता कामा नये, सुधारला पाहिजे. भरमूनं वर्षभर खळ्यावरच्या सगळ्यांच्या गंज्या राखाव्यात, पाण्याची पिंपं भरून ठेवावीत. माना डोलल्या. मित्राला वाचवलं असं मला वाटलं. खरंच वाटलं का? आता सांगता येत नाही.

भरमू एकदाच म्हणाला, “म्या न्हाय.” मग घागर उचलली.

आणि गोंधळ इथून सुरू होतो. शिक्षेला गुण आला हो! त्या वर्षी एक काडी जळाली नाही. बांधाचा वाद मिटला, कल्लाप्पाअण्णा स्वतः त्याला खळ्यावर चहा धाडायला लागले. वर्ष संपलं तरी भरमू पिंपं भरतच राहिला. बोरगावच्या पाहुण्यांपर्यंत आमची कीर्ती गेली — बघा, तुरुंगाशिवाय माणूस सुधारणारं गाव! सांगत फिरणारा अर्थात मी. अपराध खोटा, शिक्षा खरी, आणि आलेला गुण तोही खरा — मग औषध लागू पडलं ते कुठल्या रोगाला? शिक्षा असते कुणासाठी? चुकलेल्यासाठी, की ज्यांच्या जिवाला घोर लागला त्या बाकीच्यांसाठी? आणि मला कुठली द्यावी? वर्षभर तोंड बंद म्हटलं तर गाव साखर वाटेल. विचार करायला बसतो आणि गुंता वाढतो — की मी विचार करतच नाही, पुन्हा गोष्टच रचतोय?

कारण मूळ सांगायचं ते मी अजून टाळतोय.

भरमूचा बाप, आबा. डोळ्यांनी जवळजवळ गेलेला. त्या वर्षी तोही खळ्यावर लेकाशेजारी येऊन बसायचा. पावलं वाजली की त्या दिशेला हात जोडायचा — पोराचं चुकलंय, पोटात घाला. कुणाचीही पावलं असोत. माझीसुद्धा. आणि मी म्हणायचो, “असू दे आबा.” असू दे! पुढची सुगी यायच्या आत आबा गेला.

मागच्या महिन्यात खळ्यावर गेलो. भरमू पिंप भरत होता. आता घागर नाही, पाईप आहे. मी सगळं सांगितलं — बस, पुरीभाजी, पिवळा टॉवेल. पदरचं काहीच घातलं नाही, त्यामुळं दोन मिनिटांत संपलं. पिंप भरलं. त्यानं पाईप शेजारच्या पिंपात सोडला आणि चढणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

“म्या पेटवली न्हाय हे मला ठाव हुतं की,” तो म्हणाला. “आबाला न्हवतं.”