खाटेवरचं नाव

"नाही म्हणा, मी उठते."

पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं की बाई एवढंच बोलायची. आणि सरळ 'नाही' म्हणायला अख्ख्या पनवेलात कोणाला येत नव्हतं. "बघू", "पुढच्या आठवड्यात या", "मिसेसला विचारून सांगतो", हे सगळ्यांना यायचं. बाई शांतपणे ऐकायची आणि खुर्चीत बसून राहायची. चहाही घ्यायची नाही, म्हणजे चहा पाजून वाटेला लावायची सोय नाही. तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी.

आमच्या कचेरीत ती आवक-जावक सांभाळायची. आम्ही तिला पाठीमागे 'वसुली अधिकारी' म्हणायचो. तोंडावर म्हणायची एकाचीही छाती नव्हती.

हा उद्योग सुरू झाला तो नव्वदच्या सुमारास तिचे वडील गेल्यावर. अण्णांना पोटाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" असं सांगितलं. घरी नेऊन करायचं काय, ते सांगितलं नाही. तीन महिने तो माणूस ओरडत होता. आम्ही सगळे भेटून आलो, शहाळी दिली, वैदूंचे पत्ते दिले. पाठीच्या जखमा धुवायला कोणी थांबलं नाही. मी तर वासानेच दारातून परतलो. तेराव्याच्या जेवणाला मात्र सगळे वेळेवर हजर.

त्या पंगतीतच कोणी तरी सुचवलं, "अण्णांच्या नावाने देवळाला पंखा द्या." बाई म्हणाली, "देवाला उकडत नाही." आणि दुसऱ्या आठवड्यापासून वर्गणी सुरू. कशासाठी? तर जे बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन जखमा धुणारी, दुखणं कमी करणारी एक नर्स ठेवायची.

गणपतीच्या मांडवाला हात सैल सोडणारे लोक इथे एकदम हिशेबी व्हायचे. कापडबाजारातल्या एका दुकानदाराने तर विचारलंच, "बाई, पण माणूस बरा होणार का?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

"तुम्ही कायमचे बरे आहात का?"

पावती फाडली त्याने. बायकोच्या नावाने.

शेवटी एक बडे शेठ मिळाले. नर्सचा वर्षाचा पगार आणि डोक्याकडून वर उचलता येणारी लोखंडी खाट, दोन्ही द्यायला तयार. अट एकच, खाटेवर वडिलांचं नाव हवं. आपल्याकडे पंखा दिला तर त्याच्या पात्यांवर आणि बाक दिलं तर त्याच्या पाठीवर नाव लागतंच. खाटेने काय घोडं मारलंय? बाईने मला बजावलं, "खालच्या पट्टीवर, बारीक अक्षरात." खाट रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. आणि मी पडलो हुशार! शेठ खूश व्हावेत म्हणून पायथ्याच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, लालभडक रंगात वीतभर अक्षरं काढून घेतली: 'कै.', त्यापुढे शेठच्या वडिलांचं अख्खं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', भोवती वेलबुट्टी.

ती खाट पहिल्यांदा गेली पनवेलजवळच्या कोन गावाला, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे. अण्णांचाच आजार. आठ दिवसांनी बाई बघायला गेली, तर म्हातारा दोन यत्ता शिकलेला निघाला.

"बाय, हा कोन हाय? डोला उगडला की हाच समोर."

"ज्यांनी खाट दिली त्यांचे वडील."

"ह्याच खाटेवर गेला काय? मंग माजं नाव कदी लिवताय? जागा हाय अजून खाली."

बाईने त्याच्या सुनेकडून कोयता मागून घेतला आणि तिथेच बसून नाव खरवडून काढलं. म्हातारा पडल्या पडल्या सांगत होता, "तो 'क' राह्यला बग."

पुढच्या रविवारी शेठ फोटोग्राफर घेऊन कोनला पोचले. पुढचं सांगायला नको. सोमवारी नर्सचा पगार बंद, आणि मंगळवारपासून नर्सही बंद.

बाई माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी. पण ती म्हणाली, "तो पण अण्णांसारखा ओरडत जाईल. नर्सने मला सगळं शिकवलंय, पण त्याला कुशीवर धरायला दुसरा माणूस लागतो. दुपारच्या एसटीने निघायचंय. नाही म्हणा, मी उठते."

मला तरी कुठे 'नाही' म्हणता येत होतं?

महिनाभर अर्धी रजा टाकून आम्ही कोनला जात होतो. ती जखमा धुवायची, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळ धरून द्यायची. मी म्हाताऱ्याला कुशीवर धरायचो आणि तोंड भिंतीकडे करायचो. चौथ्या दिवशी तोंड वळवायचं विसरलो. कचेरीत मलाही नवं नाव मिळालं, 'उपवसुली अधिकारी'.

पुढे तिची अलिबागला बदली झाली. पाच वर्षांनी ती गेल्याचं कळलं, तेही कचेरीच्या सूचनाफलकावरून. मला लाज वाटली. पण मला ती दिसते ती कोनच्या त्या ओटीवर.

महिना भरत आला होता. त्या दुपारी आम्ही पोचलो, तर सून दारातच उभी. "गेलं. जेवलं, निजलं, उठलंच नाय. आवाज बी नाय केला."

बाई आत जाऊन त्याला बघून आली. तशीच ओटीवर बसली आणि एकदम हंबरडा फोडला. अण्णा गेले तेव्हा जिच्या डोळ्याला पाणी दिसलं नव्हतं, ती. "झोपेत गेला हो! माझ्या अण्णांना एक रात्र नाही मिळाली अशी!"

मयत त्यांच्या घरात आणि सांत्वन चाललेलं आमच्या बाईचं. सून तिला पोटाशी धरून बसली होती. मी चपला हातात घेऊन बावळटासारखा उभा. तेवढ्यात गावातला कोणी तरी आत आला आणि बाईकडे बघून विचारू लागला, "ही कोन? मयताची कोन लागते?"

सुनेने मानही वर केली नाही.

"लेक हाय."