टोबीचा गडगा

आमच्या खोऱ्यातले गडगे, म्हणजे कुरणांच्या दगडी भिंती, चुना-सिमेंटाशिवाय उभे असतात. नुसता दगडावर दगड. कुरणाच्या कडेने चढत चढत ते वर धुक्यात शिरतात आणि पलीकडच्या उतारावर पुन्हा दिसू लागतात. पन्नास वर्षं त्यांची डागडुजी एनॉक थ्वेट करत होता. त्याचा एक नेम होता. जमिनीवरून उचललेला दगड तो पुन्हा जमिनीवर ठेवत नसे. उचलायच्या आधी हवा तेवढा वेळ बघायचं, पण एकदा हातात आला की त्याला गडग्यात जागा द्यायचीच.

"खाली ठेवलास म्हणजे आधी बघितलाच नव्हतास," असं तो म्हणे.

टीव्हीसमोरही तो याच नजरेने बसायचा, आणि तिथंच त्याचं बिनसलं. "हे कोकरू आज जन्मलेलं नाही. तीन दिवसांचं आहे, पाणी मारून ओलं केलंय." "दर आठवड्याला गावात एक खून, आणि कुणाचं गवत कापायचं राहत नाही?" त्याची बायको मेविस विणकाम मांडीवर घेऊन म्हणायची, "एनॉक, जरा ऐकू दे रे. लग्न लागतंय तिचं."

"तिसरं लागतंय! दुसरा नवरा विहिरीत पडला तो अजून वर नाही आला!"

तो वाहिनीला पत्रं लिहायचा. उत्तरादाखल एक छापील कार्ड यायचं, दर वेळी तेच. अकरा कार्डं जमल्यावर एका रविवारी, मेविसची मालिका चालू असतानाच, त्याने तार उपटली आणि टीव्ही उचलून कोठारात नेऊन ठेवला. पुढे त्यावर कोंबड्या बसू लागल्या. रविवारी संध्याकाळी मेविस पबमध्ये येऊन कोपऱ्यात बसू लागली, कारण तिथं टीव्ही होता.

एनॉक तिथंही यायचा आणि पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करायचा. "मेंढी काय खाते ते वास घेऊन तरी बघते. तुम्ही तेवढंही करत नाही." मी मेंढ्यांचं खाद्य गाडीतून पोचवतो, दिवसभर थकतो, मला त्याचं बोलणं लागायचं. सगळ्यांनाच लागायचं. त्यातून तो खरं बोलायचा, हे जास्त लागायचं.

बाराव्या पत्रात त्याने लिहिलं, एकदा या, माझ्याजवळ दिवसभर उभे राहा आणि गडगा कसा घालतात ते जसंच्या तसं दाखवा. आणि ते खरंच आले. रविवारी सातला गावाकडचा जो कार्यक्रम लागायचा, त्याची माणसं दोन गाड्या भरून आली. एनॉक पबमध्ये आला तो छाती काढून.

"रविवारी सातला सगळ्यांनी बसायचं. गप्पा नाहीत, खाणंपिणं नाही. पन्नास वर्षांची माझी अक्कल त्यात आहे. खोटं निघालं तर हसा मला. पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"लिहून देतोस?" क्लिफर्ड ऑल्डर्सन म्हणाला. रस्त्याकडेचं वरचं कुरण त्याचं. तिथं गडगा ढासळून पडलेल्या खिंडारावरच चित्रण झालं होतं.

"माझा शब्द पुरे."

चित्रण तीन दिवस चाललं होतं. कार्यक्रम सादर करणारा टोबी म्हणून एक गोरागोमटा पोरगा होता, कायम हसणारा. पहिल्याच सकाळी त्यांनी एनॉकला दगड उचलायला लावला, मग म्हणाले, ढग आला, खाली ठेवा, पुन्हा उचला. एनॉकने ठेवला नाही. पाऊण तास समजूत काढली. शेवटी दगड टोबीच्या हाती गेला. टोबीने तो अकरा वेळा उचलला आणि अकरा वेळा ठेवला.

टोबी दगड विटांसारखे आडवे लावायचा. "लांब बाजू आत जाते, पोरा," एनॉक सांगायचा. "पोटात बारीक दगडांची भर घाल. मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड टाक, नाहीतर दोन्ही पाखं, आतलं नि बाहेरचं, एकमेकांना ओळखणार नाहीत."

"पण बाहेरून छान दिसतंय ना, एनॉककाका?" टोबी म्हणायचा.

ती पाच हात लांबी एनॉक नंतर उतरवून नीट घालणार होता.

रविवारी पब भरला. एनॉक मधल्या खुर्चीवर, कोट घालून. कार्यक्रमातली चार मिनिटं आमची होती. एनॉक पडद्यावर आला तो वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे धावताना, आणि मागे भोंगा वाजत होता, सर्कशीत जाड्या विदूषक आला की वाजतो तसा. मग त्याचा चेहरा जवळून. खिंडाराशी त्याने सात मिनिटं सांगितलं होतं की दगडावर दगड कुणीही मूर्ख ठेवील, पण कुठला दगड इथला नाही हे कळायला चाळीस हिवाळे जातात. पडद्यावर तो एवढंच म्हणाला, "दगडावर दगड कुणीही मूर्ख ठेवील." पुढच्याच क्षणी टोबी पुऱ्या झालेल्या गडग्यावर उभा. "आणि मी ठेवले! एका दुपारी!" मग पुन्हा टोपी, या वेळी सावकाश.

कोपऱ्यातून हसू आलं. मेविस हसत होती. विणकाम खाली पडलं तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्यामागून सगळे सुटलो. मीही हसलो, आणि जोरात.

"टोपी सांभाळ रे," ऑल्डर्सन म्हणाला. एनॉकने ग्लास संपवला, उठला. शब्द दिला होता. त्या दिवसापासून टीव्हीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून रस्त्याला मोटारी थांबू लागल्या. लोक टोबीच्या गडग्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. ऑल्डर्सनने 'टोबीचा गडगा' अशी पाटी लावली, चहाचं टेबल मांडलं.

"मला तो उतरवू दे, क्लिफर्ड," एनॉक त्याच्या दारात उभा राहून म्हणाला. "पोकळ आहे. हिवाळ्यात पाण्याचं गोठणं-वितळणं सुरू झालं की पोट सुटेल. पडला तर माझ्या नावावर पडेल."

"तुझं नाव कुठं आहे त्यावर?" ऑल्डर्सनने पाटीकडे बोट दाखवलं.

जानेवारीत तो पडला. दोन गाभण मेंढ्या दगडांखाली सापडून मेल्या. ऑल्डर्सनने एनॉकला बोलावून घेतलं. "ईस्टरच्या आधी उभा कर. पण टीव्हीवर होता तस्सा. दगड न् दगड तोच. लोकांना फरक कळता कामा नये."

"तसा घातला तर पुन्हा पडेल."

"मग पुन्हा घाल. नाहीतर माझ्या सगळ्या कुरणांच्या गडग्यांचं काम दुसऱ्याला देतो, आणि खोऱ्यात विचारतील त्यांना सांगेन की थ्वेटचा गडगा माझ्या मेंढ्यांवर पडला." त्याने कार्यक्रमाची कॅसेट पुढे केली.

एनॉकने कोठारातून टीव्ही आणला. मेविसने त्यावरची कोंबड्यांची घाण ओल्या फडक्याने पुसली, शेजारणीकडून व्हीसीआर मागून आणला आणि शेजारी बसली. चित्र थांबवून, थरथरत्या पडद्यावरून तो दगड मोजायचा, पाठकोऱ्या कागदावर उतरवायचा. कॅसेट दर वेळी पुढे सरकून जायची आणि टोपी उडायची.

"काय सुंदर धावतोस," मेविस म्हणायची. "पुन्हा लाव."

मार्चमध्ये मी खाद्य घेऊन वर गेलो तेव्हा तो कामावर होता. लांब बाजू बाहेर, पोट रिकामं, हुबेहूब टोबीचं. कागद दगडाखाली दाबून ठेवला होता. नेम मात्र चालूच होता. खूप वेळ बघायचा, मग उचलायचा, आणि उचललेला गडग्यातच जायचा. वाकडा का होईना, जायचा.

एक मोटार थांबली. नवरा-बायको उतरले.

"टोबीने बांधला तो हाच का हो?" बाईने विचारलं.

"हाच," एनॉक म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत दगड होता.

"आमचा दोघांचा एक फोटो काढाल?" तिने कॅमेरा पुढे केला. "तुम्ही चित्रात येऊ नका मात्र, हं."

एनॉक गडग्याकडे वळला. हातातला दगड सवयीने उचललेला, आरपार जाणारा लांब; त्याच्याएवढी जागा कुठेच नव्हती. टोबीने ठेवलीच नव्हती. बाई हात पुढे करून थांबली होती, नवरा घड्याळ बघत होता. एनॉक खाली वाकला, दगड गवतावर ठेवला, तळवे विजारीला पुसले आणि कॅमेरा घेतला.