न बोलता निघायची रीत

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑस्ट्रेलियात सफरचंदांच्या बागेत तोडणीच्या कामावर होते. वर्षभर देश फिरायचा आणि खर्चापुरतं तिथेच मिळेल ते काम करायचं, असा माझा व्हिसा होता. भोपाळला शिवाजी नगरच्या घरी पोहोचले, तोवर सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतरही माणसं भेटायला येत राहिली. दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, म्हणून सगळी न बोलता चपला घालून जात. मला मात्र घरात बसवत नव्हतं. उगीच जवाहर चौकापर्यंत चालत जायचे, फळवाल्याच्या गाडीवरचं सफरचंद उचलून तोडणीच्या सवयीनं देठ शाबूत आहे का पाहायचे आणि परत यायचे. व्हिसाचे काही महिने उरले होते. आईला एकटी सोडून जावं की राहावं, ठरत नव्हतं.

एका दुपारी आईनंच विचारलं, “तिकडची तोडणी संपली का गं?”

“नाही. चालू आहे अजून.”

“मग इथे मांजरासारखी माझ्या पायांत का घोटाळतेस? धड पेपर वाचू देत नाहीस. जा, पूर्ण करून ये.”

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. मी बॅग उचलली आणि रीतीप्रमाणे काही न बोलता बूट घालू लागले.

“तू काय भेटायला आली होतीस?” आई म्हणाली. “घर आहे तुझं. येते म्हण.”

मी म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हणायला लावलं.