सटवाईचा उंबरा

आष्टीच्या रोडला सटवाईचं दगडी देऊळ व्हतं. रोड रुंद करायचा म्हणून ते उकलून मागं बाभळीखाली बांधायचं ठरलं. गाव म्हणलं, नवं सिमेंटचं नको, हेच दगड लावा.

मपलं लेकरू वर्षाचं झालतं. त्याच्या आधीचं पाचवी पुजायच्या आतच गेलं, म्हणून याचं जावळ सटवाईच्या उंबऱ्यावरच काढीन, असं मी देवीला बोलून बसले व्हते. दसऱ्यामागं ऊसतोडीला जायचं, आन देऊळ तर दगडांचा ढीग होऊन पडलेलं. लेकराचं अंग जरा कोमट लागलं तरी मी रातभर त्याच्या कपाळावर हात ठिवून बसायचे.

गवंड्यानं दगडादगडावर चुन्यानं आकडे टाकलते, कुठला कुठं बसवायचा त्याचे. पण देवीचे दगड बिनआंघुळीचे हलवायचे कसे? सासूबाईनं बाया गोळा केल्या, घागरीवर घागरी वतल्या, काथ्यानं घासून दगड लख्ख केले, हळदकुकू लावलं.

सकाळी गवंडी आला आन खालीच बसला.

"मावशी, आकडे कुठं गेले?"

"चुन्याचे डाग व्हते, काढले आमी."

"तुमी देऊळच पुसलं की."

"मंग पारोशीच नेतु का रं तिला? तुझ्या मायला नेशील का अशी पाव्हण्यात?"

मंग त्यानं अंदाजानंच बांधलं.

निघायच्या दिशी मपला भाऊ आला, जावळाला मामाची मांडी लागती. न्हावी वस्तरा घेऊन तयार. बघते तर उंबऱ्याला कोराच दगड. नारळ फोडून फोडून खड्डा पडलेला जुना उंबरा न्हाईच.

"कर की इथंच," सासूबाई म्हणल्या, "देवी तीच हाय."

माझा जीव मानंना. लेकरू कडंवर घेऊन साऱ्या भिंतीवरून हात फिरवत गेले. मागच्या भिंतीत, गुडघ्याइतका वर, तो खड्डा घावला.

भाऊ म्हणला, "आता काय भिंतीवर बसू व्हय?"

पण बसला, उंबऱ्याला पाठ टेकून, बाभळीच्या काट्यात. लेकरू लई रडलं. त्याचं जावळ मी त्या खड्ड्यात ठिवलं आन तिथंच डोकं टेकलं.

आता ट्रकात बसलेय, त्याचं बोडकं डोकं मांडीवर. कपाळ थंडच हाय, तरी हात निघत न्हाई. देवीचं तोंड रोडकडं आन आमी जावळ काढलं तिच्या पाठीमागं. तिनं बघितलं आसंल का?