कपाट आबांचं, आकडा माझा

“कपाट खाली करा, बाई. आमी ते आमच्या पुस्तकांसकट परत न्यायला आलोय.”

दामूअण्णांनी वाचनालयाच्या दारात टेम्पो लावला होता. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, हे कपाट पुस्तकांसकट दान दिलं होतं. कपाटावर आबांचं नाव होतं, पण आत आता सगळ्या गावाची पुस्तकं होती. हा उद्योग माझा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. खोडदजवळच्या एका गावात मी नवी ग्रंथपाल. मूळची आहुप्याची, आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करते म्हटल्यावर वडील म्हणाले होते, “पुस्तकं फळीवर लावायला बी शाळा असती व्हय?” पण एसटीपर्यंत माझी ट्रंक डोक्यावर वाहिली ती त्यांनीच.

वाचनालयात पुस्तकं दात्यांप्रमाणे लावलेली होती. एकेका घराचं एकेक कपाट. आबांच्या कपाटाची तर किल्लीही दामूअण्णांच्या घरी. साफसफाईला म्हणून मी ती मागून आणली आणि कोर्समध्ये शिकवलं तसं सगळं विषयवार लावलं. प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, त्याला वर्गांक म्हणतात. द्राक्षबागेचा ६३४.८. तो पुस्तकाच्या कण्यावर चिकटवला की एका विषयाची पुस्तकं शेजारी येतात.

सरकारी तपासणी तोंडावर होती. वाचनालयाचा सरकारी वर्ग ‘ड’चा ‘क’ झाला, तर अनुदान वाढून माझी नोकरी कायम होणार होती. आबांची पुस्तकं गेली, तर पुस्तकांची संख्या नियमात बसत नव्हती.

“अण्णा, पुस्तकं इथंच आहेत. फक्त जागा बदलल्यात.”

“आमच्या बापाला फळीफळीला वाटून टाकलं तुमी!”

वाचनालयाचे अध्यक्ष नाना मध्ये पडले. “दामू, आधी च्या घे.”

“च्या नको. कपाट द्या.”

तेवढ्यात बबनराव बागाईतदार पुस्तक परत करायला आले. “मॅडम, छाटणीचं हे लई भारी निघालं. ह्याच्या शेजारचं द्या आता.”

मी ते पुस्तक अण्णांसमोर उघडलं. पहिल्या पानावर आबांची सही होती, आणि शेवटच्या पानावर पुस्तक नेल्याची एकच तारीख, बबनरावांची.

“आरं, आबांचं हाय की! इतकी वर्सं कुणी नेलं न्हाई ते?” अण्णांनी विचारलं.

“कसं नेतील?” नाना म्हणाले. “कुलूप आबांचं, किल्ली तुझी.”

अण्णा जरा नरमले. मग म्हणाले, “पण नाव आतमधी. भाईरून कसं कळायचं आबांचं हाय म्हून?”

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर कोर्समध्येच होतं. वर्गांकाच्या वर संग्रहचिन्ह लिहायची सोय असते. पुस्तक कोणत्या संग्रहातलं, ते सांगणारी खूण. मी नवं लेबल घेतलं. वर लिहिलं ‘आबा’, खाली ६३४.८.

अण्णांनी पुस्तक हातभर लांब धरून वाचलं. “आकडा बारीक काढा. आबा ठळक येऊ द्या.”

मग त्यांनी चहा घेतला. टेम्पो रिकामा गेला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एका कण्यावर बोट ठेवलं. “हे ‘आबा’ कुठल्या पद्धतीत बसतं?”

“संग्रहचिन्ह आहे, सर.”

“साहेब, चांगला माणूस व्हता,” नानांनी भर घातली.

साहेब हसले आणि पुढच्या फळीकडे वळले. वर्ग वाढला, मी कायम झाले. दुसऱ्याच आठवड्यात दुसरं घर दारात उभं. “आमच्या माईनं काय घोडं मारलंय?” मग ‘माई’ आली, ‘तात्या’ आले. कपाटं मात्र सगळी उघडी झाली.

कोर्सच्या परीक्षेत संग्रहचिन्हावर दोन मार्कांची टीप यायची. बरेच जण ती ऑप्शनला टाकायचे. गावात नोकरी करायची असेल, तर टाकू नये.